कानठळ्यांचा निकाल

तीर्थरूप दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघा परवानगी देतो तेवढंच वाकले आहे, उरलेला नमस्कार मनातल्या मनात समजून घे.) वहिनींची कंबर आता कशी आहे? त्यांना म्हणावं, पाण्याच्या बादल्या अजिबात उचलू नका, घरात एक धडधाकट निवृत्त माणूस बसलेला आहे. त्या माणसाची साखर, रक्तदाब, चष्मा आणि शेजारी या चारही गोष्टी आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळं झकास. लेक-जावई मजेत आहेत आणि मी तर इतकी मजेत आहे की गेले तीन दिवस भाजीवालीशी घासाघीससुद्धा केलेली नाही. ती बिचारी घाबरून विचारत होती, ताई, बरं नाही का?

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, त्या शब्दाचं पुढं काय झालं. दादा, जिंकलो! अगदी चारीमुंड्या चीत केलं मालकाला. आता कसं जिंकलो ते सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर तू पुन्हा 'नेमकं काय घडलं ते क्रमाने लिही' असं पत्र पाठवशील. आणि हे पत्र कृपा करून तपासून परत पाठवू नकोस. मागचं पाठवलंस ते लाल शाईनं भरलेलं, वर दहापैकी साडेपाच. त्रेपन्न वर्षांची बाई आहे मी! शुद्धलेखनाचे कापलेस ते कापलेस, पण अक्षराचे कापायचं काय कारण होतं? लेकीनं ते पत्र वाचलं आणि दोन दिवस मला 'काठावर पास' म्हणून हाक मारत होती.

तर क्रमाने. आमच्या शेडमध्ये बेचाळीस माग आहेत हे तुला ठाऊक आहे, पण बेचाळीस माग एकदम चालतात म्हणजे काय होतं हे तुला ठाऊक नाही, कारण तू एकदाच आला होतास आणि दारातूनच कान झाकून परत गेलास. प्रत्येक मागात आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, मिनिटाला शंभरावर वेळा. छत पत्र्याचं. खाली फरशी थरथरते ती चपलेतून दातापर्यंत येते. अशा जागी मी एकतीस वर्षं काढली आणि मावशीनं सदतीस. मावशी म्हणजे माझी नव्हे, सगळ्या शेडचीच मावशी. मी पहिल्या दिवशी थरथरत उभी होते, तेव्हा तुटलेला धागा एका हातानं कसा जोडायचा हे तिनं मला शिकवलं आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण मला दिलं. त्या दिवसापासून आमचे माग शेजारी-शेजारी आहेत.

दोन महिन्यांपूर्वी सुताच्या पेट्यांची ढकलगाडी मागून आली. ढकलणाऱ्यानं बोंब मारली, मावशीला ऐकू आली नाही, गाडी तिच्या पायावरून गेली. हाड वाचलं, पण मालकानं तिला कचेरीत बोलावलं आणि सांगितलं की कान गेले तुझे, महिनाअखेरीपासून घरी बस. सदतीस वर्षांनंतर! मावशीच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आहे आणि कमावणारं दुसरं कोणी नाही. ती परत आली आणि तिनं माग सुरू केला. तिचा चेहरा बघून मी त्या दिवशी तीन वेळा चुकीचा धागा जोडला.

मग मी कामगार-तपासणीच्या कचेरीत जाऊन नियम विचारून आले. (एकटी गेले. चार टेबलं फिरले. पाचव्या टेबलावरच्या बाईला माझ्यासारखाच मालक असावा, कारण तिनं सगळं नीट समजावून सांगितलं.) नियम असा की शेडमधला आवाज 'कानठळ्या बसवणारा' आहे अशी सरकारी नोंद झाली, तर तिथं ज्याचे कान गेले त्याला मालकानं काढायचं नाही, त्याच पगारावर शांत जागी काम द्यायचं. शिवाय सगळ्यांना कानावर घालायला टोपणं आणि दरवर्षी कानांची तपासणी. आणि नोंद नुसती 'मोठा आवाज' अशी झाली तर काही नाही. मग गेलेले कान वयाच्या नावावर. म्हणजे बघ, मावशीचं सगळं घर त्या एका शब्दावर येऊन टेकलं होतं.

म्हणून मी तुला त्याचा अर्थ विचारला होता आणि तू चार पानं पाठवलीस. (चार! मी पोस्टकार्डाची अपेक्षा केली होती.) अर्थ छान लिहिलास: इतका प्रचंड आवाज की कान बंद झाल्यासारखे वाटावेत आणि दुसरं काहीही ऐकू येऊ नये. हे मी पाठ केलं. पण खाली तू उपयोगाची उदाहरणं दिलीस, त्यात तोफ ठीक, वीज ठीक, तिसरं उदाहरण शेजाऱ्यांचा मिक्सर? दादा, मिक्सर कटकट करतो, फार तर डोकं उठवतो. शब्द फुकट मिळतात म्हणून माणसं वाटेल तिथं उधळतात, आणि मग ज्याला खरी गरज लागते त्याच्या वाट्याला झिजलेला शब्द येतो. आमच्या मालकाचंच बघ. जेवणाच्या सुट्टीत आम्ही जरा मोठ्यानं बोलतो, तर त्यानं त्याच्या केबिनबाहेर पाटी लावली आहे: 'कानठळ्या बसतील अशा आवाजात गप्पा मारू नयेत.' बेचाळीस मागांनी त्याच्या मते कोणाच्या बसत नाहीत, बारा बायकांच्या बोलण्यानं मात्र याच्या बसतात.

आता तपासणी. अधिकारी आला तो तरुण, किडकिडीत, बगलेत रजिस्टर. आवाज मोजायचं यंत्र त्यांच्या अख्ख्या कचेरीत एकच आणि ते दुरुस्तीला गेलेलं. (कधी गेलं ते विचारलं तर म्हणाला, मी नोकरीला लागायच्या आधी.) यंत्र नसेल तर नियमात दुसरी चाचणी आहे. अधिकाऱ्यानं कामगाराच्या समोर हातभर अंतरावर उभं राहायचं, नेहमीच्या आवाजात प्रश्न विचारायचा, आणि कामगारानं उत्तर पाटीवर लिहून दाखवायचं. निम्म्याहून जास्त लोकांना प्रश्न कळला नाही तर आवाज कानठळ्या बसवणारा. सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं.

अधिकाऱ्याला त्याच्या कचेरीनं कान झाकायला एक जाडजूड प्रकरण दिलेलं होतं, हनुवटीखाली पट्टा बांधायचं, अगदी तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखं. ते घालून तो आत आला, म्हणजे त्याला स्वतःला आवाजाचा पत्ताच नव्हता. आणि आम्ही! आयुष्यात पहिल्यांदा सरकार आपल्याला काहीतरी विचारायला आलंय म्हणून आम्ही केस विंचरून, पदर खोचून तयार. त्यानं विचारलं, आज वार कोणता? लिहिला. घरात माणसं किती? लिहिली. सकाळी काही खाल्लंत का? मी तर 'हो, तुम्ही?' असं लिहिलं. अकरा जणांना विचारलं, दहा जणांनी बिनचूक उत्तरं दिली. एकटा पडला तो नवा जॉबर, माग दुरुस्त करणारा, ज्याला आम्ही लांब्या म्हणतो. त्याला तीन वेळा विचारूनही ओ की ठो कळलं नाही. आम्हाला त्याची कीव आली. एवढं तरणंताठं पोर आणि बहिरं!

रजिस्टरात नोंद झाली: आवाज मोठा, कानठळ्या बसवणारा नाही. खाली मावशीबद्दल खास शेरा: श्रवणशक्ती उत्कृष्ट. मालकानं तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाला, बघा, कान ठणठणीत आहेत, म्हणजे ढकलगाडी ऐकू आली नाही तो निष्काळजीपणा. आधी बहिरी म्हणून काढत होता, आता निष्काळजी म्हणून. आम्ही कपाळाला हात लावून डबे उघडले. तेव्हा लांब्या हळूच म्हणाला, तुम्हाला खरंच ऐकू आलं? मला तर मागाशिवाय काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

दादा, त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्हाला कोणालाच ऐकू आलं नव्हतं! आम्ही ऐकतच नाही, आम्ही बघतो. हे तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण मलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. शेडमध्ये पहिल्या वर्षात आपोआप ओठ वाचता यायला लागतात. आम्ही ओठांनी बोलतो, आवाज काढतच नाही. भांडणं, सुना, दुखणी, पाककृती, सगळं बेचाळीस मागांच्या वरून इकडून तिकडे जातं. (लेकीच्या लग्नात सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला वहिनी माझ्या आहेराबद्दल काय म्हणाल्या ते मला अक्षरन् अक्षर माहीत आहे. मी मनात ठेवलेलं नाही. सांगू नकोस.) त्यामुळे शेडमध्ये ज्याचे कान शाबूत तोच एकटा नापास झाला, आणि जिचे सगळ्यात जास्त गेलेत तिला पहिला नंबर मिळाला.

मी फेरतपासणीचा अर्ज केला. तुझा अर्थ जसाच्या तसा घातला आणि ओठांचं सगळं लिहिलं. मालकानं उत्तर दिलं की ओठ वाचणं वगैरे थापा आहेत, असलं काही नसतं. कचेरीचं म्हणणं आलं की फेरतपासणी एकदाच मिळेल आणि चाचणी तीच, समोर उभं राहून. मी विचारलं, पाठीमागून विचारा ना! तर नियमात 'समोर' असं लिहिलंय, कारण पाठमोऱ्या माणसाशी बोलणं असभ्य. आता सरकारनं सभ्यपणा दाखवायचा तो नेमका इथंच दाखवावा काय?

मग एकच उपाय उरला. अधिकारी समोर आला की त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही. नजर मागावर ठेवायची, बस्स. हे खोटं नव्हतं हं, दादा. ऐकू येत नाही हे खरंच होतं, फक्त डोळ्यांची लबाडी बंद करायची होती. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांची तालीम घेतली. बाकीचे तयार झाले, पण मावशी अडून बसली. म्हणे, माणूस आपल्याशी बोलतोय आणि आपण मान खाली घालून उभं राहायचं? घरी काय शिकवलं म्हणेल! मी म्हटलं, मावशे, तुझ्याचसाठी चाललंय हे. तेव्हा कुठे कबूल झाली, तीही कुरकुरत.

फेरतपासणीच्या दिवशी अधिकारी तेच टोपडं घालून आला. मालक आणि मॅनेजर मागोमाग. मॅनेजरला आम्ही होयबा म्हणतो, कारण मालकानं शिंक दिली तरी तो 'होय' म्हणतो. पहिली बाई, नजर मागावर, उत्तर नाही. दुसरा, नाही. मी, नाही. (माझी मान अक्षरशः दुखायला लागली. माणसाच्या तोंडाकडे न बघणं किती कष्टाचं आहे ते करून बघ.) सहा जण झाले, सहाही कोरे. माझ्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. मग तो मावशीजवळ आला. मावशी शहाण्यासारखी धाग्याकडे बघत उभी. त्यानं दोनदा विचारलं, हिनं मान वर केली नाही. तो वळला, रजिस्टरात लिहायला लागला आणि लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटला की सकाळपासून घोटभर चहा मिळाला नाही.

आणि मावशीनं नेमकं तेव्हाच वर बघितलं. दादा, मी डोळ्यांनी ओरडत होते, नको! पण भुकेला माणूस दिसला की त्या बाईचा तोल जातो. तिनं माग सोडला, खिडकीतल्या थर्मासमधून चहा ओतला आणि त्याच्यासमोर धरला. तो थक्कच. एवढ्या मागांत, पाठ अर्धी वळलेली असताना, पुटपुटलेलं ऐकलं! सगळेच सोंग करताहेत असं वाटून त्यानं आतापर्यंत लिहिलेलं सगळं खोडलं.  मावशीला काय झालं ते समजलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. रागवायचं तरी कोणावर? दुसऱ्याला चहा पाजते म्हणून कोणी आपल्या माणसावर रागावतं का? मी मनातल्या मनात मात्र भरपूर रागावले.

आता ऐक. मालकाला झाला आनंद. तो होयबाला घेऊन शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, आमच्यापासून चांगली तीस पावलं, आणि भिंतीला टेकून बोलायला लागला. तोंड आमच्याकडे! म्हणाला, बोल बिनधास्त, इथं शेजारी बाँब फुटला तरी कोणाला ऐकू येणार नाही. म्हातारीनं स्वतःच्या हातानं स्वतःचा निकाल लावला. महिनाअखेर ती, पुढच्या महिन्यात ती अर्ज खरडणारी बोलभांड. (म्हणजे मी.) आणि त्या टोपडंवाल्या बाळाला आणखी एक कप चहा पाज आणि रांगत रांगत घरी पाठव.

बेचाळीस मागांवरच्या बेचाळीस माणसांनी ते शब्दन् शब्द वाचलं. 'रांगत रांगत' ला पहिली रांग फिस्कन हसली, आणि 'म्हातारी' ला सगळ्यांचे चेहरे बदलले. माझं तर डोकंच फिरलं. मी हात उंच करून मूठ वळली. ही आमची खूण आहे, माग बंद. एकतीस वर्षांत ती मी फक्त आग लागली तेव्हा केली होती. एकेक माग थांबत गेला, आणि शेवटचा थांबल्यावर आवाज उरला तो फक्त मालकाचा, कारण तो अजून भिंतीला टेकून ओरडत होता. ओरडतच होता तो, दादा! इतकी वर्षं आम्हाला वाटायचं की तो साधा बोलतो. होयबा हातभर अंतरावर उभा होता, तरी त्याच्या कानात ओरडावं लागत होतं.

अधिकाऱ्यानं टोपडं काढलं आणि विचारलं, काय झालं? मी पुढे झाले आणि मालक जे बोलला ते त्याच्याच हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. बाळ, चहा, रांगणं, काहीही गाळलं नाही. (बोलभांडही गाळलं नाही. माझ्याबद्दलचं होतं म्हणून कमी का सांगू?) अधिकाऱ्याचे कान लाल झाले. मालक धावत आला, घामाघूम, आणि सुरू झाला. साफ खोटं! बनवून सांगतेय! तीस पावलांवरून हिला ऐकू येईलच कसं? या आवाजात माझं मला ऐकू येत नाही! कानठळ्या बसतात इथं, कानठळ्या!

 अधिकारी अगदी गोड आवाजात म्हणाला, जरा पुन्हा सांगता? आणि त्या शहाण्यानं पुन्हा सांगितलं! कसलं उत्तर देणार दुसरं? ऐकू आलं म्हणावं, तर अधिकाऱ्याला बाळ म्हटलेलं कबूल करावं लागतं. ऐकू येणं शक्य नाही म्हणावं, तर शब्द स्वतःच्या तोंडून बाहेर पडतो. अधिकाऱ्यानं होयबाला विचारलं, तुम्हालाही असंच वाटतं? होयबा म्हणाला, होय. मालकानं डोळे वटारले. होयबा मालकाला म्हणाला, होय. बिचाऱ्याला दुसरा शब्दच येत नाही, त्यात त्याची काय चूक?

नियमात एक कलम आहे म्हणे, मालकानं स्वतः कबूल केलं तर चाचणीची गरज नाही. तरी तो पोरगा मनाचा चांगला. म्हणाला, मला स्वतःला बघायचंय. माग पुन्हा सुरू करायला लावले आणि पहिल्यांदाच टोपड्याशिवाय उभा राहिला. एक मिनिट नाही टिकला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग मावशीच्या मागं हातभर अंतरावर उभा राहून जीव खाऊन ओरडला. मावशी शांतपणे धागा जोडत होती. मग तो पार दारापाशी गेला, तिच्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले: मावशी, चहा छान होता. आणि मावशी इकडून ओठांनी म्हणाली, साखर कमी होती का रे बाळा?

तिनं 'बाळा' म्हटलं आणि तो हसला. त्याला ते वाचता आलं, दादा! एका सकाळीत शिकला. मग त्यानं रजिस्टर माझ्याच मागावर ठेवून तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आणि मालकाची सही घेतली. मी ढसाढसा रडले. मावशी रडली नाही, ती मला रागावली की चालू मागाजवळ डोळे भरून उभं राहू नये, बोट जातं. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना मात्र तिनं माझा हात धरला तो तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडला नाही.

आता मावशी कापड तपासायच्या खोलीत बसते. त्याच पगारावर. जाड भिंती, मोठी खिडकी, टेबलावर कापड पसरायचं आणि दोष शोधायचे. सगळ्यांना कानाची टोपणं मिळाली. मालक आमच्याजवळून जाताना तोंडावर रुमाल धरून बोलतो, त्यामुळे त्याला कायमची सर्दी आहे अशी बाहेर समजूत झाली आहे. आणि केबिनबाहेरची ती पाटी लांब्यानं उतरवून शेडच्या दारावर लावली, फक्त 'गप्पा मारू' च्या जागी 'माग चालवू' लिहून. अजून कोणी काढलेली नाही.

तुझ्या चार पानांचे आभार. शब्द असा असतो हे मला या वयात कळलं. त्यानं एक घर वाचवलं. वहिनींना नमस्कार, कंबरेला आराम आणि शेजाऱ्यांच्या मिक्सरला माझा आशीर्वाद.

तुझी,
बोलभांड

ता. क. कानांची तपासणी झाली. एका छोट्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बोट वर करायचं. मावशीनं बरीच बोटं वर केली. मी केली नाहीत. मला वाटलं यंत्र अजून सुरू व्हायचंय. तर दादा, एवढं रान उठवलं मावशीसाठी, आणि कागदावर माझे कान तिच्यापेक्षा वाईट निघाले. एक तारखेपासून मीही तपासणीच्या खोलीत, तिच्या शेजारच्याच टेबलावर. मावशीला फार आनंद झालाय. मलाही झालाय, एक दिवस रडून झाल्यावर.

ता. क. दुसरा. तुझा फोन आला की मी तो लेकीच्या हातात का देते, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. हातात काम आहे म्हणते, ते काम वगैरे काही नसतं.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे यासाठीच पत्र लिहायला बसले होते. पुढच्या महिन्यात तू आठ दिवस राहायला येणार आहेस ना? येण्याआधी मिशा काढून ये. निवृत्त झाल्यापासून तू त्या वाढवल्यास, पार खालच्या ओठापर्यंत, आणि तेव्हापासून, चार वर्षं, तू माझ्याशी बोललेलं एकही वाक्य मला कळलेलं नाही. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाजानं 'हो ना' आणि 'बरोबर आहे' म्हणत आले. (मागच्या वेळी तू बराच वेळ गंभीरपणे काहीतरी सांगितलंस आणि मी हसून 'छान झालं' म्हणाले. वहिनी उठून आत गेल्या. काय होतं ते? आणि आणखी कशाकशाला मी हो म्हटलंय त्याची यादीही पाठव.) सगळ्या काढवत नसतील तर नको काढू. वरचा ओठ दिसेल इतक्या कातर. तेवढं कर, मग आठही दिवस बोल. मला ऐकायचंय.